लिडीबायची मूठ

अर्नाळ्याच्या एसटी स्टँडवर एका नव्या कंडक्टरने लिडीबायची मासळीची पाटी गाडीत घेतली नाही, ती गोष्ट आधी सांगतो, म्हणजे बाई काय चीज होती ते तुम्हाला कळेल. तो म्हणाला, "वास येतो, लोक तक्रार करतात." लिडीबाय म्हणाली, "बरं." एवढंच. पाटी डोक्यावर, चुंबळ नीट केली आणि निघाली आगाशीच्या रस्त्याने चालत. पुढे काय झालं असेल? वाटेत गाडीचं चाक बसलं. कंडक्टर रस्त्यात उभा राहून घाम पुसतोय, तोवर मागून लिडीबाय डुलत डुलत आली. पाटी डोक्यावर तशीच, दोन्ही हात मोकळे. थांबली आणि म्हणाली, "येतोस काय चालत? तुझी तिकिटांची पेटी टाक माझ्या पाटीत, मना काय जड नाय." त्या दिवसापासून तो कंडक्टर तिची पाटी स्वतः मागच्या दाराने वर घ्यायचा.

ही लिडिया म्हणजे आमच्या बंदरावरची लिडीबाय. अर्नाळ्यातल्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. नवरा पीटर किनाऱ्यावर होडी ओढता ओढता दोरीवरच कोसळला आणि गेला. मुलगा ॲल्रॉय तेव्हा नऊ वर्षांचा, दोरीच्या शेवटच्या टोकाला लोंबकळत होता. त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने जे केलं ते वाईट बुद्धीने केलं असं कोणी समजू नये.

आणि मी? मी आत्माराम. चांदीप गावचा. सातवीपर्यंत तिथल्या शाळेत शिकलो, अक्षर मोत्यासारखं म्हणून मास्तर फळ्यावरचा सुविचार माझ्याकडून लिहून घ्यायचे. पुढे अर्नाळ्याच्या बंदरावर बर्फाच्या काट्यावर लागलो आणि सत्तावीस वर्षं काटाच वाचला. माणसाचा चेहरा बघून मला काही सांगता येत नाही, पण काट्याची सुई कुठे थांबणार हे मी आधी सांगायचो. तरीही या गोष्टीत सगळ्यांत मोठा गाढवपणा माझाच आहे. सांगतो.

आता बंदरावरची एक रीत समजून घ्या. मासळी आणि बर्फाने भरलेली पाटी म्हणजे पंचवीस-तीस किलो. ती एकटीने डोक्यावर चढत नाही. समोरून कोणीतरी हात लावायचा असतो. "हात लाव गो," म्हटलं की जो जवळ असेल त्याने लावायचा. तो कोण, कुठला, बघायचं नाही. आमच्याकडे दोन जावा होत्या, कुंपणावरून सहा वर्षं अबोला. पण एकीने पाटीकडे बोट केलं की दुसरी यायची, हात लावायची आणि तोंड फिरवून निघून जायची. हात नाकारला, असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

सत्त्याण्णव साली चर्चच्या हॉलमध्ये एक आरोग्य शिबिर झालं. बाहेरून डॉक्टर आले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, बोटाला टोचून साखर बघितली. ज्याचा आकडा मोठा त्याला गोळ्या आणि वर ताकीद, "आता वजन उचलायचं नाही." रोझलिन म्हणून लिडीबायची जिवाभावाची मैत्रीण होती, दोघी शेजारी शेजारी बसून मासळी विकायच्या. तिचा रक्तदाबाचा वरचा आकडा एकशेऐंशी निघाला. मुलांनी तिला घरी बसवलं. वर्षभरात तिचे गुडघे असे धरले की ओट्यावरून उठायला दाराची चौकट लागायची. बंदरावरच्या बायकांनी त्यातून एकच धडा घेतला. यंत्र आलं की आकडा लहान यायला हवा. मोठा आला की पाटी गेली.

आणि मग नव्व्याण्णवच्या जानेवारीत ज्ञानदा आली.

विरार पूर्वेला फुलपाड्यात राहणारी, पंचविशीची, मुंबईच्या एका शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकणारी. तिचा प्रबंध होता. चाळीस ते साठ वयाच्या बायकांचं शरीर किती लवचिक आहे, ताकद किती आहे, हाताचा आणि नजरेचा मेळ कसा आहे, आणि त्याचा तब्येतीशी संबंध काय. चोवीस बायका फुलपाड्यातल्या फ्लॅटमधल्या, चोवीस आमच्या अर्नाळ्याच्या. तिला आकडे लिहून घ्यायला कोणीतरी हवं होतं. लोकांनी माझं नाव सांगितलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

काय मजा आली म्हणून सांगू! पहिली एक लाकडी पेटी होती. पाय सरळ ठेवून जमिनीवर बसायचं, तळवे पेटीला टेकवायचे आणि वाकून हात पट्टीवर पुढे सरकवायचे. ज्ञानदा म्हणाली, "जमेल तेवढंच वाका हं, काकी." आमच्या बायका म्हणजे दिवसभर गुडघा न वाकवता वाळूवर जवळा पसरणाऱ्या. लिडीबायने हात असे सारले की पट्टी संपली आणि बोटं पेटीच्या पलीकडे गेली. "आता कुठे जाऊ?" म्हणून विचारते! ज्ञानदाला घरून दुसरी पट्टी आणून जोडावी लागली.

मग एका पायावर उभं राहायचं. ज्ञानदा घड्याळ लावून बसली. दोन बायका उभ्या राहिल्या आणि कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलायला लागल्या. त्या पाय खाली टेकवायलाच विसरल्या. शेवटी ज्ञानदाच म्हणाली, "पुरे, पुरे, बसा." मग टेनिसचा चेंडू उजव्या हाताने भिंतीवर मारायचा आणि डाव्याने झेलायचा. तिथे मात्र घोटाळा. सगळ्या पदर पसरून झेलायला बघत. "पदर नाही, काकी, हात!" पदर खोचल्यावर चेंडू एकदा हातात बसला तेव्हा लिडीबायने अर्ध्या मिनिटात चोवीस झेलले.

आणि शेवटी ते मुठीचं यंत्र. लोखंडी, हातात धरायचं, दांडी दाबायची, वर तबकडीवर सुई फिरते.

सुई दिसली आणि बायका गप्प झाल्या. रांगेत मागे रोझलिन उभी होती, काठी टेकत. तिने पुढच्यांच्या कानात सांगितलं, "ती म्हननार दाब, दाब. तुमी दाबू नको गो. मी त्या वेळी सगलं ऐकलं, बघा माजं काय झालं."

ज्ञानदा बिचारी ओरडतेय, "जोर लावा काकी, सगळा जोर!" आणि बायका दात-ओठ खाऊन, डोळे मिटून, नाटक कंपनीलाही जमणार नाही असा जोर लावतायत. फक्त बोटं सैल. कोणाचे अकरा, कोणाचे तेरा. लिडीबाय आली. मानेच्या शिरा ताठ, कपाळाला घाम. सुई नऊवर.

मी लिहिलं, नऊ. आणि मोठ्याने म्हणालो, "झकास, लिडीबाय! सगळ्यांत कमी तुझेच!"

सत्तावीस वर्षं काटा वाचणारा माणूस मी. तीस किलोची पाटी रोज डोक्यावर घेणाऱ्या बाईची मूठ नऊ किलो, आणि मला वाटलं, वा, काय तब्येत आहे! माझा स्वतःचाही रक्तदाब त्या शिबिरात थोडा वर निघाला होता ना. आकडा कमी तो बरा, हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला ज्ञानदा परत आली. तिने शब्द दिला होता म्हणून प्रत्येकीला टाइप केलेला कागद दिला. लिडीबायचा कागद ॲल्रॉयने वाचला. तो तेव्हा अंधेरीला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर होता, वय तेहतीस. लवचिकता, उत्तम. तोल, उत्तम. हात आणि नजरेचा मेळ, उत्तम. मुठीची ताकद, नऊ किलो, अत्यंत कमी. खाली एक ओळ, जड वजन उचलणं टाळावं.

ॲल्रॉयने ती ओळ दोनदा वाचली. त्याच्या डोळ्यांपुढे ती दोरी आली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला जायच्या आधी, तो कागद घेऊन बंदरावर आला आणि एकेकाला दाखवत फिरला. "हे बघा, मी नाही म्हणत, कॉलेजचा कागद म्हणतोय. माझ्या आईच्या पाटीला कोणी हात लावायचा नाही. काही झालं तर तुम्ही जबाबदार. आगाशीच्या बाजारातली तिची जागा मी सोमवारी मावशीच्या सुनेला देऊन टाकतोय."

लिडीबाय पाटी भरून उभी राहिली. "हात लाव गो." कोणी पुढे आलं नाही. पहिलीने वाळूकडे बघितलं, दुसरीने समुद्राकडे. त्या कुंपणावाल्या जावासुद्धा जागच्या हलल्या नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. "आत्माभाऊ, लाव."

मी पण नाही लावला. काट्याची साखळी नीट करत बसलो, जशी काय ती बिघडलीच होती.

लिडीबायने अर्धी मासळी माझ्या बर्फावर ओतली, अर्धी पाटी गुडघ्यावर घेतली, तिथून खांद्यावर, तिथून डोक्यावर आणि गेली. दुपारी परत आली, राहिलेली अर्धी घेतली, पुन्हा गेली. दोन फेऱ्या. परत आली ती थेट माझ्या काट्यापुढे, आणि ॲल्रॉय ठेवून गेला होता तो कागद माझ्या छातीवर आपटला.

"वाच."

"वाचलाय मी."

"परत वाच. तू लिहिलास ना आकडा? नऊ. तूच बोललास ना झकास? मग हितं काय लिवलंय?"

"अत्यंत कमी," मी म्हणालो.

"कमी तर चांगला ना?"

"चांगलाच की. शिबिरात..." आणि मी तिथेच थांबलो. समोर माझा काटा टांगलेला. त्याला बर्फाची लादी लावलेली, सुई साठावर. ही लादी सहावर आली असती तर मी तिला चांगली म्हटलं असतं काय? वितळली म्हटलं असतं.

"लिडीबाय," मी म्हणालो, "तो दंडाच्या पट्ट्याचा काटा नव्हता गं. तो माझ्याकडच्यासारखा वजनाचा काटा होता. वर जायला पायजे होता."

तिने मला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या होडीतले लोक हातातलं जाळं टाकून ऐकायला आले. त्या इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"फुलपाड्याला. आत्ता."

अंगाला मासळीचा वास, पायाला वाळू, अशीच ती एसटीत बसली. विरारचा पूल ओलांडला, फुलपाड्यातल्या त्या एकासारख्या एक इमारतींमध्ये तीन चुकीच्या दारांची घंटा वाजवली, आणि चौथ्या दाराआड ज्ञानदा सापडली. टेबलावर कागदांचा ढीग. लिडीबायने सगळं सांगितलं. शिबिर, रोझलिनचे गुडघे, सैल बोटं.

ज्ञानदा मट्‌कन खुर्चीवर बसली. "काकी, तुम्ही चोवीसच्या चोवीस जणी?"

"सगल्याच. रोझलिनने सांगितलं तसं."

"पण मी त्यावर तीन पानं लिहिलीत!" ती पोर रडायच्या बेतात. तिने ती पानं वाचून दाखवली. फ्लॅटमधल्या बायकांची मूठ सरासरी बावीस, कोळणींची अकरा, याचं कारण काय असावं? तर वर्षानुवर्षं बर्फात हात घातल्याने बोटांतली ताकद जाते. वर तिच्या सरांनी लाल शाईने शेरा दिलेला, 'उत्तम निरीक्षण.'

लिडीबाय हसायला लागली. इतकी हसली की ज्ञानदाच्या आईने पाणी आणलं. पाणी पिऊन ती एकदम गंभीर झाली. "पोरी, माज्या पोराला सांग, कागद खोटा हाय."

"कागद खोटा नाही, काकी. तुम्ही खोटं दाबलंत."

"मग खरं दाबते. परत घे."

"असं परत घेता येत नाही. एकदा घेतलेली चाचणी बदलली तर सर म्हणतील, तुला हवे तसे आकडे आणलेस. पंधरा तारखेला प्रबंध द्यायचाय. नाही दिला तर सहा महिने गेले."

"तुजे सा महिने," लिडीबाय म्हणाली, "आनि माजी पाटी? सोमवारी माजी जागा जाते. तुज्या कागदाने जाते. तू मोजायला आलीस तवा मी बोलले काय, मना येल नाय? मासली टाकून रांगेत उभी राहिले. आता तू उभी राहा."

ज्ञानदाने लाल शाईतला शेरा पुन्हा एकदा वाचला. मग तिने ती तीन पानं उचलली, मधोमध फाडली आणि म्हणाली, "रविवारी चर्चमधली मिस्सा किती वाजता सुटते?"

रविवारी चर्चच्या अंगणात अर्धं अर्नाळं जमलं. ज्ञानदाने आधी सगळ्यांना समजावलं. दंडाच्या पट्ट्याचा आकडा मोठा म्हणजे काळजी घ्यायची, गोळी रोज घ्यायची. मुठीचा आकडा मोठा म्हणजे ताकद. दोन काटे, दोन वेगळी कामं. रोझलिन म्हणाली, "हे तवाच सांगितलं असतंस तर तुजं तोंड दुखलं असतं?" ज्ञानदा म्हणाली, "चुकलं, मावशी. मी विचारायला हवं होतं तुम्हाला काय वाटतं ते." शिकलेल्या माणसाने चारचौघांत 'चुकलं' म्हटलेलं मी फार वेळा ऐकलेलं नाही, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवलं.

ॲल्रॉय हाताची घडी घालून उभा होता. "यंत्रच बिघडलं असेल तर? तेव्हा नऊ, आता काहीही दाखवेल."

मला हेच हवं होतं. मी माझं वीस किलोचं सरकारी छापाचं वजन बरोबर आणलं होतं, पिशवीत घालून, सगळ्या वाटेने खांदा दुखवत. यंत्र दोरीने आडव्या बांबूला बांधलं, दांडीला वजन टांगलं. सुई वीसवर. वजन काढलं, शून्यावर. "काटा खरा आहे," मी म्हणालो. कोणी विचारलं नाही तरी हे वाक्य एकदा बोलायची मला आयुष्यभर हौस होती.

लिडीबाय पुढे आली. यंत्र हातात घेतलं आणि तसंच ॲल्रॉयकडे धरलं. "आधी तू."

"मी कशाला?"

"माजी पाटी कोन बंद करतो ते तरी कलू दे मना."

बायका खदखदल्या. ॲल्रॉयने बाही वर केली, दाबलं. सुई पस्तीसवर.

"पस्तीस!" मी वाचलं.

"पास झालास रे बाबा," मागून कोणीतरी म्हणालं, "जेमतेम!"

मग लिडीबाय. या वेळी मानेच्या शिरा नाहीत, कपाळाला घाम नाही, नाटक काही नाही. मुलाच्या डोळ्यांत बघत तिने फक्त मूठ मिटली, जशी बर्फाच्या लादीची कड धरावी तशी. सुई तिसावर गेली, पस्तीस ओलांडले, आणि अडतीसवर थांबली. मी दोनदा बघितलं. अडतीस. सत्तावन्न वर्षांची बाई.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो विचारू नका. तेवीस बायका रांगेत घुसल्या. काठी टेकलेली रोझलिनसुद्धा म्हणाली, "आन इकडं." तिची सव्वीस भरली. तिने काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मूठ हाय अजून. गुडगेच तेवढे पोरांनी खाल्ले."

पण ॲल्रॉय हसला नाही. सगळे पांगल्यावर तो आईजवळ आला. मी बांबू सोडवत होतो म्हणून ऐकलं.

"आई, ताकद आहे, मान्य. पण पपांचीही होती ना? होती तरी गेलेच."

लिडीबाय म्हणाली, "तुजा बाप दोरी ओढत गेला. ओट्यावर बसून नाय गेला. आनि मी जानार ती पन माज्या पायाने जानार, कागदाने नाय. तुना भीती वाटते ना? मग भीती तू उचल. माजी पाटी मी उचलते."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दोन फेऱ्या. रोज. तुज्या डोल्यांदेखत."

सोमवारी सकाळी लिडीबाय पाटी भरून उभी राहिली. वर बर्फ, खाली पापलेटं आणि बोंबील, काठोकाठ. "हात लाव गो," ती म्हणाली आणि चारही बाजूंनी बायका धावल्या. कुंपणावाल्या दोघी जावा तर एकमेकींना धडकल्या. मीही साखळी सोडून उठलो, ती या वेळी खरोखरच बिघडली होती.

"थांबा सगल्या," लिडीबाय म्हणाली. "तुमी त्या दिवशी खूप समुद्र बघितलात. आज पन बघा."

ॲल्रॉय ऑफिसच्या कपड्यांत, बूट हातात घेऊन, वाळूतून येत होता. तो जवळ आला. बूट वाळूत ठेवले. खाली वाकला आणि पाटीची एक कड धरली.

"दोन्ही हातांनी धर, पस्तीस!" लिडीबाय ओरडली. "एका हाताने तुना झेपायची नाय!"

त्याने दोन्ही हातांनी धरली. पाटी वर गेली, चुंबळीवर बसली, बर्फाचं पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर गळलं. ती एकदा मान हलवून तोल बघत उभी राहिली आणि निघाली. आगाशीच्या बाजारातली जागा तिने पुढे नऊ वर्षं सोडली नाही, वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत. ऑफिसला जायच्या आधी हात लावायला ॲल्रॉय यायचा. रोज नाही, पण बहुतेक दिवस. त्याला बंदरावर सगळे पस्तीस म्हणायचे, अजूनही म्हणतात.

ज्ञानदाचे सहा महिने गेले. तिच्या सरांनी आधी आरडाओरडा केला, मग फाडलेल्या तीन पानांच्या जागी आलेली, सैल बोटांसकट दोन्ही वेळचे आकडे सांगणारी नवी पानं वाचून गप्प बसले. प्रबंधाची एक प्रत तिने मला आणून दिली. शेवटच्या पानावर आभार आहेत, त्यात माझं नाव आहे, पुढे लिहिलंय 'काटेवाले'. लिडीबायलाही प्रत दिली होती. तिने ती उघडली, तिचा आकडा कुठे आहे ते माझ्याकडून विचारून घेतलं, अडतीसवर बोट ठेवलं. मग पुस्तक मिटलं आणि बाजारात बसायच्या पाटाखाली ठेवलं. पाट एका बाजूने हलायचा. त्यानंतर हलला नाही.